नाणेघाटाच्या कड्यावर

कल्याणच्या माणसाला सह्याद्रीचा कडा बघायचा असला की तो माळशेज घाटात जातो. धबधब्याखाली भिजतो, भजी खातो, संध्याकाळी घरी येतो. त्याच रस्त्यावर, मुरबाड आणि टोकावडे मागे पडल्यावर, उजव्या हाताला डोंगराच्या रांगेतून एक कडा अंगठ्यासारखा वर आलेला दिसतो. त्याला नानाचा अंगठा म्हणतात. एसटीच्या खिडकीतून तो हजारो लोक बघतात. पण त्या अंगठ्याच्या कुशीतून दोन हजार वर्षांपूर्वीची वाट वर जाते आणि त्या वाटेच्या तोंडाशी महाराष्ट्रातील एक अत्यंत महत्त्वाचा शिलालेख आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ती वाट म्हणजे नाणेघाट.

गेल्या ऑक्टोबरात, वर्षावास संपल्यानंतरच्या रविवारी, आमच्या विहाराची मंडळी तेथे जाऊन आली. महिला मंडळाच्या अकरा जणी, रविवारच्या धम्मवर्गातील मुले, सहा तरुण आणि आम्ही. वर्गणी काढून मिनी बस ठरवली. हिशोब अर्थातच आमच्याकडे आला. कारकून सहलीला गेला तरी वही त्याच्या काखेतच असते.

ज्यांना मोठी गाडी परवडत नाही त्यांनी कल्याणहून माळशेजमार्गे जाणाऱ्या एसटीने जावे. २०२३ सालापासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना त्याच्या आदल्या वर्षापासून मोफत प्रवास आहे. वैशाखरे गाव सोडले की घाटाच्या पायथ्याशी उतरायचे आणि जंगलातून चढायला लागायचे. तब्येतीने चढले तरी तीन तासांत माणूस माथ्यावर पोचतो. आमचे सहा तरुण तेथेच उतरले. बाकीच्यांना घेऊन गाडी माळशेज घाट चढून बनकर फाट्यावरून जुन्नरला आली, आणि तेथून आपटाळे, चावंडवरून घाटघरकडे वळली. हा सारा वळसा पाऊणशे किलोमीटरहून अधिक आहे. गंमत अशी की, आम्ही डिझेल जाळून माथ्यावर पोचलो तेव्हा आमची पोरे घाम पुसत तेथे आमची वाट बघत बसलेली! जुन्या लोकांनी वाट कुठून काढावी याचा काय विचार केला असेल, याचा पहिला धडा तेथेच मिळाला.

जुन्नरपासून पुढचा रस्ता रम्य आहे. माणिकडोह धरणाचे पाणी बराच वेळ सोबत करते. कुकडी नदी याच बाजूच्या डोंगरात उगम पावते. ऑक्टोबरात भातखाचरे पिवळी पडू लागलेली असतात, बांधावर सोनकीची फुले असतात. हा भाग महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी बांधवांचा. भाताच्या जोडीला उन्हाळ्यात हिरडा गोळा करून विकणे हा त्यांचा मोठा आधार. झाडावर चढून कोवळा हिरडा काढायचा, उन्हात वाळवायचा आणि व्यापारी देईल तो भाव घ्यायचा. घाटघरला चहा घेतला त्या घरातल्या ताईंनी मुलांना मूठभर वाळका हिरडा दाखवला. एकाने तोंडात टाकला आणि पुढचा अर्धा तास तो तोंड वाकडे करून होता.

गाडीतळापासून थोडे चालले की पठार संपते. संपते म्हणजे खरोखरच संपते. समोरचे गवत हळूहळू चढत जाते आणि टोकाशी एकदम काही नाही. खाली दोन-अडीच हजार फुटांवर कोकण. हाच नानाचा अंगठा. येथून खालचे जग शाळेतल्या नकाशासारखे दिसते. माळशेजचा डांबरी रस्ता दोऱ्याएवढा, त्यावरचे ट्रक मुंगीएवढे, शेतांचे तुकडे, गर्द झाडीचे पुंजके. डाव्या अंगाला जीवधन किल्ला आणि त्याच्या शेजारी वानरलिंगीचा सुळका. हवा स्वच्छ असली तर पलीकडे गोरखगड आणि सिद्धगड, उजवीकडे मोरोशीचा भैरवगड. वारा असा की महिलांना पदर कमरेला खोचूनच उभे राहावे लागले. पावसाळ्यात हाच वारा कोकणातून वर उसळतो आणि कड्यावरून पडणारे पाणी उलटे वर फेकतो. आम्ही गेलो तेव्हा पाण्याची नुसती धार उरली होती, तरी तिचे तुषार खालून येऊन तोंडावर बसत होते. मुलांना तर खूळच लागले. पाऊस वरून पडतो एवढेच त्यांना माहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा कडा लहान मुलांसाठी धोक्याचा आहे. गवत दवाने किंवा पावसाने ओले असेल तर चपलेखाली ते साबणासारखे निसटते आणि वाऱ्याचा झोत कधी येईल याचा नेम नाही. आम्ही टोकापासून वीस पावले आधी मुलांना खाली बसवले आणि प्रत्येकाला एका मोठ्या माणसाच्या हवाली केले. दुसऱ्या एका सहलीतले तरुण अगदी धारेवर पाठमोरे उभे राहून मोबाईलवर स्वतःचे फोटो काढीत होते. त्यांना आमच्या मंडळाच्या अध्यक्षबाईंनी जो दम भरला, तो ऐकून ते मुकाट मागे आले. जून ते ऑगस्ट या दिवसांत सुट्टीच्या वारी येथे इतकी गर्दी होते की रस्ता तुंबतो, आणि प्रशासन कधी कधी बंदीचे आदेशही काढते. बायकामुलांना घेऊन जायचे तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीपासून थंडी संपेपर्यंत जावे. पाणी आणि भाकरी घरूनच न्यावी.

कड्याच्या बगलेला दोन डोंगरांमध्ये एक अरुंद खिंड आहे. तीच जुनी वाट. वाटेच्या माथ्यावर एकसंध दगडात घडवलेला मोठा रांजण आहे. ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात यात टाकीत असत, असे लोक परंपरेने सांगतात, आणि नाण्यांवरून घाटाचे नावही नाणेघाट पडले म्हणतात. पैठण, तेर, जुन्नर या देशावरच्या पेठांतला माल येथून खाली उतरायचा आणि कल्याण व सोपारा या बंदरांत जायचा. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तेथे सापडला आणि १८८२ साली तेथील स्तूप उकरला गेला. तेव्हा ही वाट काही आडरानातली नव्हती. आजच्या महामार्गाइतकीच ती गजबजलेली असणार. मात्र या चढावर गाडी चालणे शक्यच नाही. जो माल गेला तो जनावराच्या पाठीवरून, नाही तर माणसाच्या डोक्यावरून.

खिंडीतून थोड्या पायऱ्या उतरल्यावर कोकणाकडे तोंड करून असलेले लेणे लागते. साधी चौकोनी खोली आहे. खांब नाहीत, नक्षी नाही, बुद्धमूर्ती नाही. हे विहार नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावे. पण डाव्या आणि उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, म्हणजे आपल्या वर्गात मुले जिला धम्मलिपी म्हणून शिकतात त्या लिपीत, प्रत्येकी दहा ओळींचा लेख आहे. समोरच्या भिंतीवर एके काळी आठ व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज पावलांच्या खुणांपलीकडे त्यातले काही उरलेले नाही. डोक्यावरची नावे तेवढी राहिली : सातवाहन घराण्यातला पहिला राजा सिमुक, राजा सातकर्णी, राणी नागनिका, तिचा पिता महारठी, आणि राजकुमार. १८२८ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हा लेख प्रथम विद्वानांच्या नजरेस आणला. पुढे त्यावर ज्यांनी मेहनत घेतली त्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी हे नाव मोठे आहे. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे ते सहायक. सोपाऱ्याचा स्तूप उकरणारेही तेच.

आम्ही वाणिज्य शाखेचे. देवादिकांची नावे सोडून आमची नजर गेली ती आकड्यांवर. या भिंतीवरचे अंक भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांत गणले जातात. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. शंभराच्या खुणेला चारची खूण जोडली की चारशे. शून्य नाही. शून्याशिवाय २४,४०० ही रक्कम लिहून दाखवली आहे! वहीत एक शून्य जास्त पडले म्हणून रात्र रात्र ताळेबंद शोधणाऱ्या आमच्यासारख्याने या भिंतीपुढे नमस्कारच करावा.

पण रक्कम कसली, हेही मुलांना सांगणे भाग होते. राणी नागनिका ही सातकर्णीची पत्नी. पतीच्या निधनानंतर मुलगा लहान असल्याने राज्याचा कारभार तिने पाहिला असे बहुतेक अभ्यासक मानतात. या लेखात अश्वमेध, राजसूय वगैरे यज्ञांची यादी आहे आणि त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. १,७०० गायी आणि १० हत्ती. ११,००० गायी आणि १,००० घोडे. २४,४०० कार्षापण. कार्षापण म्हणजे त्या काळचे नाणे.

यावर आमच्या तरुणांत वाद लागला. एकाचे म्हणणे, "सर, यज्ञाची दक्षिणा वाचायला आपण इतक्या लांब कशाला आलो?" महिला मंडळातल्या एका ताईंनी त्याला उत्तर दिले, "अरे, एक बाई राज्य चालवते आणि स्वतःच्या नावाचा लेख कोरवून घेते, हे बघायला आलो असं समज." आमचे मत विचाराल तर दोघांचेही बरोबर होते. यज्ञयाग आपल्याला मान्य नाहीत. परंतु इतिहास म्हणजे आपल्याला आवडेल तेवढाच भाग, असे करून चालत नाही. याच सातवाहन घराण्यातली पुढच्या काळातली राजमाता गौतमी बलश्री हिने नाशिकच्या डोंगरातले तिसऱ्या क्रमांकाचे लेणे भिक्खू संघाला दान दिले आहे. एकाच घराण्यात दोन्ही गोष्टी घडल्या. दोन्ही वाचाव्यात.

आमच्याबरोबर एक आजी होत्या. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. आता त्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. १९७२च्या दुष्काळात वयाच्या सोळाव्या वर्षी रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली बाई. लेण्यात आम्ही आकडे समजावून सांगत होतो तेव्हा आजी बाहेर पायरीवर बसून दगडावरून हात फिरवीत होत्या. एका मुलीला जवळ बोलावून त्यांनी टाकीचे घाव दाखवले. कुठे माणूस उजव्या हाताने मारत होता, कुठे जागा अडचणीची म्हणून तिरपे घाव पडले, हे त्या बोटाने दाखवीत होत्या. "ह्यो काळा पत्थर हाय बाई. ह्याच्यावर घण मारला की हात खांद्यापातूर झिणझिणतो. आमच्या येळंला निदान सुरुंग तरी व्हता."

मग त्यांनी आत येऊन विचारले, "भाऊ, गायी किती दिल्या, घोडं किती दिलं, समदं लिवलंय म्हनतासा. मग हा डोंगर ज्यानं फोडला त्याला काय दिलं, ते लिवलंय का?"

लेण्यात एकदम शांतता झाली. आम्ही भिंतीकडे पाहिले. लेख फार झिजला आहे, बऱ्याच जागी अक्षरे गेली आहेत. पण जेवढा वाचला गेला आहे, त्यात दगड फोडणाऱ्याचा उल्लेख नाही. आजींना तसेच सांगितले. त्या म्हणाल्या, "आमाला ब्रास मोजून पैसं मिळायचं. ब्रास भरला न्हाई तर मुकादम हजरी कापायचा. आमचंबी नाव कुटं लिवलंय त्या रस्त्यावर?" त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सरळ चौकशी होती. पण आमच्या मनाला ती लागून राहिली.

या प्रश्नाचे उत्तर नाणेघाटात नाही, ते जुन्नरच्या डोंगरांत आहे. म्हणून नाणेघाट पाहून परस्पर घरी येणाऱ्याची सहल आम्ही अर्धी समजतो. हा घाट चढून वर आलेला व्यापारी जुन्नरला थांबत असे, आणि जुन्नरच्या चहूबाजूंच्या डोंगरांत, लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी, तुळजा, बौद्ध लेण्यांचे समूहच्या समूह आहेत. ती कोणी कोरवून दिली? येथील लेखांत राजांपेक्षा साध्या गृहस्थांचीच नावे अधिक भेटतात. एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे त्या काळची धंदेवाल्यांची संघटना. आपल्या पतपेढीची आणि कामगार युनियनची मिळून एक संस्था असे समजा. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून गुंतवलेल्या रकमेचा उल्लेख आहे. ग्रीक वंशाचे यवनही येथे दाते आहेत : एकाने पाण्याची टाकी दिली, एकाने भिक्खूंसाठी भोजनगृह.

ठेव कशी चाले, ते नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातल्या उषवदाताच्या लेखात चक्क व्याजाच्या दरासकट दिले आहे. २,००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. आम्ही गाडीत मुलांकडून गणित करवून घेतले. २,०००वर दरसाल २४० व्याज. २० भिक्खू गुणिले १२, तेही २४०. हिशोब तंतोतंत जुळतो. सांगायचा मुद्दा हा, की हजारो नाणी ज्यांच्या हवाली बिनधास्त करावीत एवढी पत तेव्हा विणकराची होती, बांबू तासणाऱ्याची होती, तांब्या-पितळेवर हातोडा मारणाऱ्याची होती. पुढे याच कष्टाच्या धंद्यांना हलके ठरवण्यात आले. ते कोणी ठरवले, हे या पत्राच्या वाचकांना सांगायला नको.

परतीच्या वाटेवर लेण्याद्रीला थांबलो. पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. आजी आणि लहानगी खाली झाडाच्या सावलीत थांबली. लेण्याद्रीला बहुतेक लोक गणपतीसाठी येतात. तो ज्या सातव्या लेण्यात आहे, तो मूळचा वीस खोल्यांचा बौद्ध विहार आहे. त्याच्या शेजारचे सहाव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे चैत्यगृह. आत कोरीव खांबांच्या दोन रांगा आणि शेवटी स्तूप. दाराच्या वरच्या अंगाला एका ओळीचा लेख आहे. वर्गातल्या थोरल्या मुलींनी मान वर करून तो अक्षर-अक्षर लावायला सुरुवात केली. पहिलाच शब्द लागला आणि त्या ओरडल्या, "सर, कल्याण! आपलं कल्याण!"

होय, कल्याणच. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. हा आमच्या गावचा माणूस जुन्नरला कोणत्या वाटेने आला असेल? जवळची आणि सरळ वाट नाणेघाटाचीच. ज्या खिंडीत आमच्या पोरांना घाम फुटला, ती खिंड तोही चढला असावा.

खाली आल्यावर मुलींनी हे आजींना सांगितले. आजींनी सगळे ऐकून घेतले आणि पुन्हा तेच विचारले, "ह्यो सोनाराचा पोरगा झाला. दगडवाल्याचं नाव कुटंच न्हाई का?"

तेव्हा आम्हाला कार्ले आठवले. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारापाशी एक छोटा लेख आहे. धेनुकाकट गावचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने हे दार केले, असे त्यात लिहिले आहे. दगडावर कोरले आहे सुताराचे नाव, बापाच्या आणि गावाच्या नावासकट. दोन हजार वर्षे ते तेथे आहे.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पिशवी उचलत म्हणाल्या, "आन् मग कार्ल्याला कधी नेताय?"

माळशेज उतरेपर्यंत वहीत पुढच्या सहलीची सतरा नावे झाली होती. पहिले नाव आणि पहिले शंभर रुपये आजींचे.